जलशुद्धीचे एक कृष्णवर्ण साधन

पेन्सिलीच्या शिशात जे ग्रॅफाइट असते, त्याचा अवघ्या एका अणूच्या जाडीचा पापुद्रा म्हणजे ग्रॅफीन. मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम व कॉन्स्टँटिन नोवोसेलोव्ह यांनी तो २००४ साली साध्या चिकटपट्टीच्या साहाय्याने विलग केला व २०१० साली त्यांस भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले. ज्याच्या एका ग्रॅमचे पृष्ठफळ, गणिताने पाहता, सुमारे २,६३० चौरस मीटर भरते, त्या पदार्थावर दूषित द्रव्यांना चिकटून बसावयास केवढी विस्तीर्ण जागा मिळत असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. त्याला ऑक्सिजनयुक्त गटांची जोड मिळाली, की ग्रॅफीन ऑक्साइड बनते. त्याचा ऋणभार शिसे, कॅडमियम आदी धातूंच्या धनभारित आयनांना ओढून घेतो, तर षट्कोणी कर्बजाल रंगद्रव्यांच्या वलयाकार रेणूंना धरून ठेवते. चुंबकीय लोह-ऑक्साइडचे कण मिसळले असता आर्सेनिकही पकडले जाते, आणि कार्य संपताच ते मिश्रण लोहचुंबकाने पाण्याबाहेर काढता येते. मद्रासच्या आयआयटीतील प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने तर २०१२ साली साध्या साखरेपासून वाळूच्या कणांवर ग्रॅफीनसदृश लेप चढवून क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक पाण्यातून वेगळे करून दाखविले.

तथापि शोषलेले विष नाहीसे होत नाही, केवळ जागा बदलते. म्हणून वापरलेल्या द्रव्याच्या विल्हेवाटीचा पक्का बंदोबस्त आणि त्याचे सूक्ष्मकण पेयजलात उतरू नयेत याची खबरदारी, ही दोन कलमे ज्या योजनेत नाहीत, ती मंजूर होता कामा नये.