स्वतःच्या कपड्यांचा खर्च का टोचतो?

अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८५ च्या शोधनिबंधात एक उदाहरण दिलं. १२५ डॉलरचा काश्मिरी लोकरीचा स्वेटर महाग म्हणून नाकारणारा गृहस्थ, पत्नीने तोच वाढदिवसाला दिल्यावर हरखून जातो. दोघांचं बँक खातं मात्र एकच असतं. म्हणजे टोचणी रकमेची नसते, तो खर्च मनातल्या कोणत्या खात्यावर मांडला त्याची असते. आपल्याकडच्या कितीतरी घरांत मुलांचा गणवेश ‘गरज’ ठरतो, आईचा कुर्ता ‘चैन’. हे मला अन्यायाचं वाटतं. कोणी म्हणेल, ही टोचणीच उधळपट्टी रोखते. डोक्यावर कर्ज असेल तर थांबावंच. पण टोचणी ऐपत तपासत नाही, परवडणारा कुर्ताही अडवते. म्हणून महिन्याच्या खर्चात स्वतःच्या कपड्यांसाठी आधीच रक्कम ठरवा आणि ती निःसंकोच खर्च करा.