अबजद-क्रम व तीन धर्मांची मूळ भूमि

फारसी शिलालेखांतील कालवाचक शब्दांवरून हिजरी सन काढण्याचा ज्यांस सराव आहे, त्यांच्या लक्षांत एक विसंगति आली असेल. चालू वर्णमालेंत अलिफ, बे यांच्यामागून पे, ते, से हीं अक्षरें येतात. गणनेंत मात्र अलिफ १, बे २ व लागलीच जीम ३, दाल ४ असे अंक धरावे लागतात. हा अबजद-क्रम कोणी लहरीनें ठरविलेला नाहीं. यहुद्यांच्या हिब्रू वर्णमालेंत आलेफ, बेथ, गिमेल, दालेथ असाच क्रम असून सिरियन ख्रिस्त्यांच्या सुर्यानी वर्णमालेंतहि तोच आहे. ४०० या अंकापर्यंत, म्हणजे बावीस अक्षरें, तिघांचा हिशेब जुळतो. पुढील सहा अक्षरें अरबांनीं आपल्या उच्चारांकरितां वाढविलीं. म्हणून तीं ५०० पासून १००० पर्यंत शेवटीं बसलीं आहेत.

इब्राहीमास तिन्ही धर्म आपला पूर्वज मानतात. पण त्याच्या काळचा त्याच्याविषयींचा लेख एकहि नाहीं. लिपीची साक्ष मात्र दगडावर वाचतां येते. शाम, पॅलेस्टाईन व अरबस्तानची उत्तर सीमा या प्रदेशांत अरामी लिपि रूढ होती. बाबिलोनच्या बंदिवासानंतर यहुद्यांनीं आपलें जुनें वळण हळूहळू टाकून हीच लिपि उचलली. मृतसमुद्राकांठीं १९४७ पासून सांपडलेल्या कांहीं गुंडाळ्यांत ईश्वराचें नांव तेवढें जुन्या अक्षरांत आहे. येशूची बोली अरामीच होती. अरबी लिपि निघाली ती पेत्रा येथील नबाती लोकांच्या अरामी वळणांतून. नमारा येथील इ. स. ३२८ चा लेख भाषेनें अरबी, लिपीनें नबाती आहे. झबद येथील इ. स. ५१२ चा लेख तर ग्रीक, सुर्यानी व अरबी अशा तीन लिपींत असून तो सर्जियस या ख्रिस्ती हुतात्म्याच्या स्मारकाच्या द्वारपट्टीवर कोरलेला होता. हा काळ हिजरतीपूर्वीं शंभरांहून अधिक वर्षांचा होय.

यावरून धर्ममतें एक ठरत नाहींत, हें उघड आहे. परंतु अक्षर पाहून पोथीचा धर्म ठरविण्याची जी संवय आपल्या संग्राहकांत दिसते, ती आमच्या मतें सोडली पाहिजे. मैमोनिदेसानें बाराव्या शतकांत आपला तत्त्वग्रंथ अरबी भाषेंत, पण हिब्रू अक्षरांत लिहिला. शामच्या ख्रिस्त्यांनीं अरबी मजकूर सुर्यानी अक्षरांत उतरविले. अशी पोथी हातीं आल्यास लिपि, भाषा व विषय यांची नोंद निरनिराळी करावी.

सन काढतांना आणखी एक सावधगिरी हवी. आपल्याकडील रीतींत सीन ६०, साद ९० व शीन ३०० धरितात. मघ्रिबी पोथींत साद ६०, सीन ३०० व शीन १००० असतो.