पिकअपच्या हौद्यावर काय हवं : पत्र्याची बंद बॉडी की ताडपत्री?



आजच्या लेखात आपण वऱ्हाडातल्या घराघरांत निघणारा एक प्रश्न विज्ञान आणि गणिताच्या मदतीने सोडवणार आहोत. नवी पिकअप दारात येते, नारळ फुटतो, पेढे वाटून होतात, आणि दुसऱ्या दिवशी ओट्यावर चर्चा सुरू होते : "हौद्यावर पत्र्याची बंद बॉडी बसवाची, का ताडपत्रीवरच भागवाचं?"

एक जण म्हणतो, बंद बॉडी म्हणजे पक्कं घर. कुलूप लावलं की झोप लागते. दुसरा म्हणतो, ताडपत्रीसारखं स्वस्त आणि सोपं काही नाही. दोघांचंही अर्धं अर्धं खरं आहे. कारण या प्रश्नाचं उत्तर गाडीत नसतं, गाडीत भरणाऱ्या मालात असतं. चला, एकेक मुद्दा घेऊन पाहूया.

आधी दोन्ही प्रकार ओळखूया

बंद बॉडी म्हणजे हौद्यावर चारी बाजूंनी आणि वरून पत्रा किंवा फायबर लावून केलेली खोली. मागे दार आणि दाराला कुलूप. शहरात पार्सल, औषधं, बेकरीचा माल पोचवणाऱ्या गाड्या अशा असतात.

दुसरा प्रकार उघड्या हौद्याचा. मागे पाडता येणारा फाळका, वर लोखंडी कमानी आणि त्यावर दोराने आवळलेली ताडपत्री. काम झालं की ताडपत्री गुंडाळून ठेवायची. आपल्याकडे हिला तिरपालही म्हणतात. तिरपाल हा शब्द इंग्रजी 'टारपॉलिन'वरून आला. त्यातल्या 'टार'चा अर्थ डांबर. पूर्वी पाणी आत शिरू नये म्हणून जाड कापडाला डांबर लावत, त्याची ही आठवण. आज बाजारात मिळते ती बहुतेक प्लॅस्टिकच्या विणीची असते.

पहिला मुद्दा : वजन

प्रत्येक मालवाहू गाडीच्या आर.सी. बुकात दोन आकडे असतात. एक रिकाम्या गाडीचं वजन, दुसरं मालासकट चालणारं जास्तीत जास्त एकूण वजन. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की आपल्याला किती माल भरता येतो ते कळतं. बंद बॉडी बसवली की पहिला आकडा वाढतो, दुसरा मात्र तोच राहतो. म्हणजे बॉडीचं ओझं मालाच्या हिश्शातून जातं.

उदाहरण घेऊ. समजा एका गाडीचं एकूण वजन ३००० किलो आणि रिकामं १७०० किलो आहे. माल भरता येईल १३०० किलो. आता बंद बॉडीमुळे २५० किलो वाढले असं धरू. माल उरला १०५० किलो. संत्र्याचा एक भरलेला क्रेट २२ किलोचा धरला (२० किलो फळ, २ किलो क्रेट), तर प्रत्येक फेरीला १२ क्रेट कमी बसले (५९ ऐवजी ४७). हंगामात १०० फेऱ्या झाल्या तर १२०० क्रेट, म्हणजे २४० क्विंटल संत्री कमी वाहिली गेली. डिझेल तेवढंच, टोल तेवढाच आणि बँकेचा हप्ताही तेवढाच!

फायबरची बॉडी पत्र्यापेक्षा हलकी पडते, पण शून्य किलोची नसते. म्हणून बॉडी बनवणाऱ्याला किमतीच्या आधी वजन विचारा.

याच्याशी तुलना करायला ताडपत्रीचं वजन काढू. ताडपत्रीवर जी.एस.एम. असा आकडा छापलेला असतो. एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम, एवढाच त्याचा अर्थ. १२ फूट बाय १८ फुटांची ताडपत्री म्हणजे सुमारे २० चौरस मीटर. ती २५० जी.एस.एम.ची असेल तर २० × २५० = ५००० ग्रॅम, म्हणजे फक्त ५ किलो. कमानींचं वजन वेगळं धरलं तरी फरक केवढा आहे पाहा.

दुसरा मुद्दा : हवा आणि ऊन

वरुड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर हा आपला संत्र्याचा पट्टा. तोडलेलं संत्रं मेलेलं नसतं. ते श्वास घेतं, उष्णता आणि बाष्प बाहेर टाकतं. तापमान १० अंशांनी वाढलं की फळांचा हा श्वसनाचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. श्वास जोरात म्हणजे फळ लवकर मऊ पडणार.

आता आपलं हवामान आठवा. आंबिया बहाराचं फळ साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये निघतं, मृग बहाराचं फेब्रुवारीपासून. मार्च उजाडला की दुपारचं ऊन कसं लागतं ते सांगायला नको. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जाणं नवलाचं नाही. अशा उन्हात पत्र्याची पेटी उभी राहिली की आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षाही तापते. ती हवा बाहेर जायला वाट नसेल तर फळ आत शिजल्यासारखंच होतं. म्हणून फळ-भाजीसाठी बंद बॉडी हवीच असेल तर समोर आणि मागे जाळीच्या खिडक्या ठेवा, छताला पांढरा रंग द्या. पांढरा रंग ऊन परतवतो, काळा शोषून घेतो, हे आपण शाळेत शिकलोच आहोत.

ताडपत्रीची अडचण वेगळी आहे. चारी बाजूंनी घट्ट आवळली तर तीही हवा कोंडते. रात्री बाहेर गारवा आला की आतल्या बाष्पाचे थेंब ताडपत्रीला आतून लागतात आणि मालावर ठिबकतात. लोक म्हणतात, ताडपत्रीला घाम आला. यावर उपाय म्हणजे कमानीमुळे माल आणि ताडपत्री यांत वीतभर अंतर राहू द्यायचं, आणि पाऊस नसेल तेव्हा मागची बाजू थोडी उचलून ठेवायची.

तिसरा मुद्दा : पाणी

इथे बंद बॉडी जिंकते, आणि ही लहान गोष्ट नाही. भारतीय कापूस महामंडळ हमीभावाने कापूस घेताना ८ टक्के ओलावा प्रमाण धरतं. त्याच्या वर भावात कपात होते आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेतला जात नाही. सोयाबीनलाही ओलाव्याची मर्यादा असते. म्हणजे वर्षभराची मेहनत बाजार समितीच्या दारात एका सरीने मातीमोल होऊ शकते. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस अवकाळी पावसाने विदर्भात कापूस आणि तुरीचं कसं नुकसान केलं, ते अनेकांनी पाहिलं आहे. हिवाळ्यात पाऊस येतच नाही, या भरवशावर ताडपत्री घरी ठेवून निघणं बरं नाही.

ताडपत्री पाणी अडवते, पण ती सपाट बांधली तर मधे खोलगट होते. ४ चौरस मीटर जागेत सरासरी ५ सेंटिमीटर पाणी साचलं तर ते २०० लिटर, म्हणजे २०० किलो! कमान दिली की उतार मिळतो आणि पाणी वाहून जातं. घराच्या छपराला उतार असतो, त्याचं कारण हेच.

चौथा मुद्दा : वेग आणि वारा

अमरावती–अकोला महामार्ग आठवतो ना? जून २०२२ मध्ये याच राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटरची डांबरी पट्टी सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकली गेली आणि तिची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता चांगला झाला तशा गाड्याही जोरात पळू लागल्या.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० किलोमीटरला हा दाब एका चौरस मीटरवर साधारण साडेसात किलोच्या ओझ्याइतका असतो. ८० ला तो १५ होत नाही, ३० किलोच्या घरात जातो. वेग दुप्पट, दाब चौपट. म्हणूनच गावच्या रस्त्यावर नीट राहिलेली ताडपत्री महामार्गावर फडफडते, कड्या तुटतात आणि एखादे वेळी ती उडून मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर बसते. तिथे प्रश्न मालाचा राहत नाही, कोणाच्या तरी जिवाचा होतो. आवळलेला दोर दर ३०–४० किलोमीटरवर थांबून पाहायलाच पाहिजे.

बंद बॉडी फडफडत नाही, पण उंच असते. तिच्या सपाट बाजूवर आडवा वारा आदळतो. वजन वर गेल्याने गुरुत्वमध्यही वर सरकतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढता-उतरताना वळणावर याचा फरक जाणवतो. अशा गाडीत जड माल खाली आणि हलका वर, हा नियम मोडू नका.

पाचवा मुद्दा : कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मनाने करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. आर.सी.मध्ये बॉडीचा प्रकार लिहिलेला असतो. म्हणून बंद बॉडी हवी असेल तर गाडी घेतानाच तशी घ्या, किंवा वेल्डिंगला हात लावण्याआधी आर.टी.ओ.त विचारा, एम.एच. २७ असेल तर अमरावती, एम.एच. ३० असेल तर अकोला. विमा कंपनीलाही कळवा. नाहीतर अपघात झाल्यावर दाव्याच्या वेळी हाच बदल आडवा येऊ शकतो.

जादा वजनासाठी याच कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड सांगितला आहे. माल हौद्याच्या बाहेर किंवा मान्य उंचीच्या वर गेला तरी २०,००० ची तरतूद आहे. ताडपत्री वर ताणता येते म्हणून माल कितीही उंच रचता येतो, असं नाही.

मग कोणी काय निवडावं?

• फक्त कापूस वाहणार असाल : कापूस हलका आणि फुगीर. वजन पूर्ण होण्याआधीच हौदा भरतो. इथे बंद बॉडीचं वजन आड येत नाही, पण छोटं दार आणि छत भरण्या-उतरवण्यात आड येतं. उघडा हौदा, फळ्या आणि चांगली ताडपत्री.

• संत्री, केळी, भाजीपाला : वजन आणि हवा दोन्ही महत्त्वाचे. कमानीवरची ताडपत्रीच बरी.

• तूर, सोयाबीन, हरभऱ्याची पोती : वजनासाठी ताडपत्री परवडते. मात्र पावसाळ्याच्या तोंडावर ती दुहेरी घ्या आणि पोत्यांखालीही एक अंथरा.

• किराणा, औषधं, कपडे, शाळेची पुस्तकं : माल सुका, किमती आणि बारा महिने तोच. जागोजागी गाडी उभी ठेवून आत-बाहेर करावं लागतं. इथे बंद बॉडी आणि कुलूप.

• आज संत्रं, उद्या सोयाबीन, परवा शेळ्या : आपल्याकडच्या बहुतेक शेतकऱ्यांचं असंच असतं. त्यांनी काढता-घालता येणाऱ्या कमानी आणि ताडपत्री घ्यावी. शेळ्यांच्या वेळी बाजू उघड्या ठेवाव्या. बंद बॉडी एकदा बसली की गाडी एकाच कामाला बांधली जाते.

आणि एक गोष्ट माणसांची

निंदणी-वेचणीच्या दिवसांत बायामाणसं पिकअपच्या हौद्यात बसून शेतावर जाताना दिसतात. मालगाडीत माणसं नेणं कायद्याने चूक आहे आणि जिवाला धोक्याचं आहे. ताडपत्रीखालच्या मालावर बसलेल्याला धरायला काही नसतं. बंद बॉडीत तर हवा नसते आणि दार बाहेरून लागतं. गाडीवर काहीही बसवा, पण आत मालच बसू द्या.

थोडक्यात काय, तर आधी वहीत बारा महिन्यांचे बारा रकाने करा. कोणत्या महिन्यात कोणता माल, किती फेऱ्या, किती लांब, ते लिहा. ज्या मालाचे रकाने जास्त भरतील त्याच्यासाठी छप्पर निवडा. शेजाऱ्याच्या गाडीवर काय आहे ते पाहून निवडू नका. त्याचा माल वेगळा आहे.

स्वाध्याय

१. तुमच्या घरच्या किंवा गावातल्या एखाद्या गाडीच्या आर.सी.वरून ती किती माल नेऊ शकते ते काढा.

२. १५ फूट बाय २१ फुटांची २०० जी.एस.एम. ताडपत्री किती किलोची असेल? (१ फूट = ०.३०४८ मीटर)

३. ताशी ६० किलोमीटरला वाऱ्याचा दाब ३० किलोमीटरच्या किती पट होईल? कारण लिहा.