गर्दीविना दर्शन

दर्शन म्हटले की आपल्याला आधी रांग आठवते आणि मग देव. म्हणूनच हदीसमधला, म्हणजे पैगंबरांच्या वचनसंग्रहातला, एक प्रसंग वाचताना मी थबकलो. पौर्णिमेच्या चंद्राकडे पाहून पैगंबर सोबत्यांना म्हणाले की, परलोकी तुम्ही परमेश्वराला असेच पाहाल; तिथे दाटी होणार नाही. खरेच, चंद्र पाहताना कुणी कुणाच्या आड येतो का? उपमा अलंकार शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. इतकी नेमकी उपमा मात्र क्वचितच भेटली.

पण याच श्रद्धेपायी एकाचे मस्तक गेले. मुअतझिला पंथाचे तर्कपंडित म्हणत, डोळ्यांना दिसायचे तर दिशा हवी, आकार हवा. निराकार ईश्वर दिसेल कसा? दृष्टी त्याला गाठत नाही, हेही कुराणातच आहे! इ. स. ८४६ मध्ये सामर्रा येथे खलिफा अल्-वासिकने अहमद इब्न नस्र याला भर दरबारात दोन प्रश्न केले : कुराण निर्मिलेले आहे काय? आणि ईश्वर डोळ्यांना दिसेल काय? अहमदने हदीसचा आधार सोडला नाही. खलिफाने स्वतः तलवार उपसली.

पुढे दहाव्या शतकात अल्-अश्अरीने तोड काढली. हा गृहस्थ आधी मुअतझिलाच! ईश्वर दिसेल, पण 'कसा' ते विचारू नये, असे तो म्हणाला. बहुतेक सुन्नींनी ते मानले. इमामी शिया पंडित आजही म्हणतात, डोळ्यांनी नव्हे. पाहायचे ते अंतःकरणाने.