लघुउद्योग आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : सल्ला यंत्राचा, जबाबदारी मालकाची

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसविला. त्या एका मागापासून वाढत गेलेला हा व्यवसाय आज हजारो कुटुंबांच्या चरितार्थाचे साधन बनला आहे. त्या काळी यंत्राने विणकराच्या हातांचे काम उचलले. आता कृत्रिम बुद्धिमत्ता हे नवे तंत्र डोळ्यांचे, आणि काही अंशी निर्णयाचेही काम उचलू पाहत आहे. मालाची तपासणी, मागणीचा अंदाज, हिशेबाची छाननी, ग्राहकांच्या प्रश्नांना उत्तरे अशा अनेक कामांसाठी ते छोट्या कारखानदाराच्याही आवाक्यात येऊ लागले आहे. म्हणूनच ते कोणत्या शिस्तीने स्वीकारावे, याचा विचार आताच होणे अगत्याचे आहे.

लहान उद्योगाची अडचण

१ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी रुपयांपर्यंत व वार्षिक उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत असलेला उद्योग ‘सूक्ष्म’ ठरतो. लघुउद्योगासाठी या मर्यादा अनुक्रमे २५ कोटी व १०० कोटी, तर मध्यम उद्योगासाठी १२५ कोटी व ५०० कोटी रुपये आहेत. मोठ्या कंपनीजवळ संगणकतज्ज्ञ असतात, कायद्याचे सल्लागार असतात. सूक्ष्म उद्योगात मात्र मालक हाच व्यवस्थापक, विक्रेता आणि पुष्कळदा हिशेबनीसही असतो. एखादा चुकीचा निर्णय मोठी कंपनी पचवू शकते. लहान कारखानदाराचा मात्र परत आलेल्या एका खेपेने वर्षाचा नफा बुडू शकतो.

यंत्र शिकते कसे?

कापड तपासणीचेच उदाहरण घेऊ. तपासणीच्या मेजावरून सरकणाऱ्या कापडाची छायाचित्रे कॅमेरा टिपतो. संगणकाला आधी चांगल्या व सदोष कापडाची हजारो चित्रे दाखविलेली असतात. त्यांतील साम्य-भेदांवरून तो तुटलेला ताणा, सुटलेला बाणा किंवा तेलाचा डाग ओळखू लागतो. त्याला कापड ‘समजते’ असे मात्र नव्हे. एका प्रकारच्या सुतावर शिकलेले यंत्र दुसऱ्या प्रकारच्या सुतातील नैसर्गिक जाडीभरडीलाही दोष मानू शकते. यास्तव आपल्याच मागावरील कापडावर त्याची परीक्षा घेतल्यावाचून ते विकत घेणे धोक्याचे ठरते.

विक्रेत्याने सांगितलेल्या टक्केवारीनेही भुलून जाऊ नये. समजा, १,००० तुकड्यांत २० सदोष आहेत आणि यंत्राने सर्वच तुकडे चांगले ठरविले. त्याचे उत्तर ९८ टक्के बरोबर ठरेल. परंतु त्याने एकही दोष पकडलेला नसेल! म्हणून दोन प्रश्न विचारावयास हवेत : सदोष मालापैकी किती पकडला गेला आणि चांगला माल किती वेळा विनाकारण नाकारला गेला?

मजुराचा हक्क

यंत्रमागावरील मजुरी बहुधा पिकाच्या हिशेबाने, प्रतिमीटर ठरते. अशा वेळी यंत्राने दाखविलेला दोष सरळ मजुरीच्या कपातीत उतरला, तर यंत्राच्या चुकीची किंमत विणकराच्या घराला मोजावी लागेल. शिवाय दोष विणकराच्या हयगयीने आला, की मुळात सूतच निकृष्ट होते, हे कॅमेरा सांगू शकत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेनुसारही नुकसानीपोटी वेतनातून कपात करण्यापूर्वी कामगारास आपले म्हणणे मांडण्याची संधी देणे आवश्यक आहे. यंत्राने खूण करावी, अनुभवी तपासनिसाने कापड पाहावे आणि विणकराचे ऐकून मगच निर्णय व्हावा, हा क्रम न्याय्य होय.

माहितीची राखण

ग्राहकांची नावे, दूरध्वनी क्रमांक, कामगारांची छायाचित्रे, मालाचे दर ही कारखानदाराजवळील ठेवच असते. बाहेरच्या संगणकसेवेला प्रश्न विचारताना ती नकळत परक्या हाती जाऊ शकते. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ मध्ये कायदा केला असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांतील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होण्याची योजना आहे. माहितीच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद या कायद्यात आहे.

उत्तरदायी कोण?

‘चूक यंत्राची होती’ हा बचाव टिकणारा नाही. कॅनडातील एका विमान कंपनीच्या संकेतस्थळावरील स्वयंचलित संवादकाने प्रवाशास भाड्यातील सवलतीविषयी चुकीची माहिती दिली. संवादक स्वतःच्या उत्तरांस स्वतः जबाबदार आहे, असा पवित्रा कंपनीने घेतला. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो अमान्य करून प्रवाशास भरपाई देण्यास कंपनीला सांगितले. हा निर्णय आपल्याकडे बंधनकारक नसला, तरी त्यातील बोध स्पष्ट आहे. भारत सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही विश्वास, मनुष्याचे प्राधान्य, न्याय्यता व उत्तरदायित्व यांना स्थान दिले आहे.

प्रारंभ कसा करावा?

आरंभी एकच काम निवडावे. तेही चूक झाल्यास सुधारता येईल असे. काही आठवडे यंत्र व माणूस या दोघांकडून तेच काम करून घ्यावे आणि दोघांच्या निष्कर्षांची नोंद एका वहीत ठेवावी. अंतिम निर्णय कोणाचा, हे त्या व्यक्तीच्या नावानिशी ठरवावे. माहिती कोठे साठविली जाते व करार संपल्यावर तिचे काय होते, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. कामगारांना आधी विश्वासात घ्यावे. यंत्र बंद पडले तर काम हातांनी चालू ठेवण्याची सोय कायम असावी.

या कामी इतरांचाही हातभार लागू शकेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांना विद्यार्थ्यांकडून यंत्राच्या चुका शोधून घेता येतील. पंचायत सदस्यांना गावातील उद्योजकांची व बचत गटांची जिल्हा उद्योग केंद्राशी गाठ घालून देता येईल.

कापडावर हात फिरवून दोष सांगणारा तपासनीस आजही अनेक कारखान्यांत आहे. नवे यंत्र त्याच्या शेजारी बसवावे, त्याच्या जागी नव्हे. त्याची पारख यंत्राला शिकविली आणि यंत्राची चूक दाखविण्याचा अधिकार त्याच्याकडे ठेवला, तर नवे तंत्र लघुउद्योगाला खऱ्या अर्थाने उपकारक ठरेल.