ओठ आधी, शब्द नंतर!

घरच्या लग्नाचे शूटिंग आता मोबाइलवरच होते. पुतण्या नाहीतर कॉलेजात जाणारी मुलगी रात्री बसून तुकडे जोडते आणि घरभर कौतुक होते. पण पाहता पाहता काहीतरी खटकू लागते. 'सावधान' ऐकू येते तेव्हा अक्षता पडूनही गेलेल्या असतात. ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. मग 'मोबाइलच बिघडला' म्हणून आपण मोकळ्या!

मैत्रिणींनो, आमच्या हरसूल भागात हा प्रश्न नुसत्या हौसेचा नाही. इथल्या आदिवासी घरांतल्या म्हाताऱ्या बायांना लग्नाची गाणी तोंडपाठ असतात. वारल्यांमध्ये तर धवलेरी गाणी म्हणत लग्न लावते. ही गाणी पुस्तकातून नाही, ऐकून-पाहूनच शिकायची. उद्या नातीने व्हिडिओवरून शिकायचे ठरवले, तर श्वास कुठे घ्यायचा, शब्द कुठे तोडायचा हे आजीच्या ओठांवरूनच कळणार. ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे, तर ती शिकणार काय?

दादासाहेब फाळके आपल्याच त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७०चा. त्यांचा १९१३चा 'राजा हरिश्चंद्र' मूकपट होता, त्यामुळे ही कटकटच नव्हती. १९३१मध्ये 'आलम आरा' आणि १९३२मध्ये मराठीत 'अयोध्येचा राजा' आला. सिनेमा बोलू लागला आणि आवाज चित्राशी जुळवणे आले. शूटिंगच्या सुरुवातीला पाटी 'टक'कन आपटतात ना, ती त्यासाठीच. पाटी मिटल्याचे चित्र आणि 'टक' एका ठिकाणी आणले की झाले. आपणही शूटिंग सुरू करताना कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी. फुकटची पाटी!

आता दुरुस्ती. आधी ब्लूटूथ स्पीकर बंद करून पाहा. ब्लूटूथवर आवाज थोडा उशिरा पोचतो. फाइल चांगलीच असते. कॉम्प्युटरवर व्हीएलसी असेल तर जे आणि के ही बटणे दाबून आवाज मागेपुढे करता येतो. त्याने फाइल बदलत नाही, पण फरक किती आहे ते समजते.

मग व्हिडिओची सुरुवात आणि शेवट तपासा. दोन्हीकडे फरक सारखाच असेल तर काम सोपे. एडिटिंगमध्ये आवाज चित्रापासून सुटा करा आणि टाळी जुळेपर्यंत सरकवा.

सुरुवातीला बरोबर आणि शेवटी बिघडलेले, असे असेल तर दुखणे वेगळे. मोबाइल उजेडाप्रमाणे दर सेकंदाला घेतलेल्या चित्रांची संख्या कमी-जास्त करतो. काही सॉफ्टवेअर मात्र ती कायम ३० धरून चालतात. मग फरक वाढत जातो. अशा वेळी नुसते सरकवून भागत नाही. हँडब्रेक नावाचे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून मूळ फाइल बदलून घ्या, मगच एडिटिंगला बसा. जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून उतरवताना मधली चित्रे गळतात, तेव्हाही असेच होते. तिथे आवाजाचे तुकडे शांत जागी कापून एकेक जुळवावा लागतो. वेळखाऊ काम, पण निवडण-टिपण करणाऱ्या हातांना ते काही नवे नाही.

आणखी एक. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. बोहाड्यातला संबळ ३४ मीटर लांबून टिपला, तर टिपरू आदळल्यावर आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा येणारच! म्हणून वाजवणाऱ्याच्या जवळ उभे राहा. एवढ्याशाने काय होते, असे म्हणू नका. आवाज चित्राच्या आधी आला तर सेकंदाच्या विसाव्या भागाचा फरकही खटकू शकतो. उशिरा आलेला आवाज आपण जरा जास्त खपवून घेतो, कारण वीज आधी चमकते आणि गडगडाट मागून येतो, याची डोळ्या-कानांना सवयच आहे.

शेवटी एवढेच, की मूळ फाइल कधीही पुसू नका. एडिटिंग पुन्हा करता येते. आजीचे गाणे मात्र पुन्हा टिपायला मिळेलच, असे नाही.