पहाटे अंगात, दुपारी हातात

हुमनाबादची थंडी दिवसातून दोनदाच गाठते, पहाटे आणि रात्री. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलाच गारठा असतो, एखाद्या वर्षी पारा 10 अंशांच्याही खाली जातो. दुपारी दोनला मात्र तो तिशीच्या आसपास. पठार समुद्रसपाटीपासून सहाशेहून अधिक मीटरवर, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसाची ऊब रात्री टिकत नाही. म्हणून सिनेमातल्यासारखा गुडघ्यापर्यंतचा ओव्हरकोट इथे घेऊ नये. अकरा वाजता तो अंगावरून हातावर येतो आणि दिवसभर हमाली करायला लावतो.

खरा त्रास वाऱ्याचा. दत्तजयंतीच्या दिवसांत रात्री उशिरा माणिकनगरच्या उत्सवाहून दुचाकीने परतणाऱ्यांना हे सांगायला नको. हवा 10 अंशांवर असताना ताशी 40 किलोमीटरचा वारा लागला, की अंगाला ती 6 अंशांसारखी वाटते. नुसता विणलेला स्वेटर अशा वेळी चाळणीसारखा. वारा सरळ आरपार जातो. त्यावर घट्ट विणीचं, पातळ का होईना, जाकीट हवंच. आत पातळ लोकरी स्वेटर आणि वर अस्तराचा कोट, ही जोडी एका जाड कोटापेक्षा सरस. दोन थरांमध्ये हवा अडकते आणि ऊब तीच धरून ठेवते. शिवाय दुपारी एक थर उतरवता येतो.

आता ऐटीचं. लग्नसराईत सगळ्यांना ब्लेझर हवा असतो, पण त्याचा गळा उघडा. छातीवर वारा घ्यायचा आणि वर मफलर गुंडाळून सगळी शान घालवायची. माझं मत बंद गळ्याच्या बाजूने आहे. हा तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानातला. 1956 साली तो म्हैसूर राज्यात आला. शेरवानीची उभी कॉलर इथल्या डोळ्यांना परकी नाही. तीच कॉलर आखूड जोधपुरी कोटाला लावा. गळा झाकला जातो, आणि तो लग्नातही चालतो, कचेरीतही.

कापड घेताना दुकानदाराच्या ‘प्युअर वूल’वर जाऊ नका. कडेचा एक धागा मागून घ्या आणि जाळून बघा. लोकर जळताना केसासारखा वास येतो आणि राख चुरगळते. ॲक्रिलिक वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. मिश्र कापडात दोन्ही दिसतं. ॲक्रिलिक वाईटच असं नाही, स्वस्त आहे, धुवायला सोपं आहे; पण लोकरीचा भाव देऊन ते घेऊ नये. शिंप्याला छातीत कॅनव्हास घालायला सांगा. नुसतं चिकटवलेलं फ्युजिंग निकृष्ट असलं, तर काही धुलाईंनंतर छातीवर फुगे येतात. खांद्याची शिवण तुमच्या खांद्याच्या हाडावरच यायला हवी, कारण बाही आखूड करता येते, खांदा दुरुस्त करणं फार अवघड. माप देताना आतला स्वेटर घालूनच जा.

आणि आपली घोंगडी? दख्खनी मेंढीची लोकर जाड, खरबरीत. तिचा तंतू 30 मायक्रॉनच्या पुढचा, मेरिनोचा 24 पेक्षा बारीक. त्यामुळे उघड्या अंगाला ती टोचते. पण ऊन-पाऊस-वारा झेलायला तिच्यासारखी दुसरी नाही. खड्ड्याच्या मागावर विणायची, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची. धनगर-कुरुबांच्या घरातलं हे काम गिऱ्हाइकाअभावी मागे पडत गेलं. अलीकडे या लोकरीची काळी-करडी जाकिटंही बनतात, रंग मेंढीचाच. आत सुती अस्तर असेल तर टोचण्याची तक्रार उरत नाही. मला विचाराल तर या पठारावर याहून शोभणारा कोट नाही.

शिवून घ्यायचा असेल, तर दिवाळीआधीच कापड टाका. तुळशीच्या लग्नानंतर शिंपी सांगेल त्या तारखेला कोट हाती येईलच असं नाही.